सातव्या घरातला मंगळ

चारशे वर्षांपूर्वीच्या खगोलशास्त्रज्ञांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांचं एक जाडजूड पुस्तक मी गेल्या वर्षी इथे कतारमध्ये, दोह्याजवळच्या वक्राहून शाळेत जाता-येता मेट्रोत वाचत होते. मी गणित शिकवते, त्यामुळे ती माणसं मला घरचीच वाटायची. एकाने मित्राला कळवलं होतं की मंगळाची कक्षा वर्तुळ नाही, लंबवर्तुळ आहे. मित्र नाराज झाला. वर्तुळासारखी देखणी गोष्ट सोडतं का कुणी? पण वर्तुळाच्या हिशोबात आकाशातला मंगळ जरासा चुकत होता. तेवढ्यासाठी या गृहस्थाने कित्येक वर्षांची मेहनत मोडीत काढली आणि मित्राचं काही ऐकलं नाही.

नेमका तेव्हाच आमच्याही घरात मंगळ शिरला. लेकीने स्वतःच मुलगा पसंत केला होता, मूळ पुण्याचा, पण इथेच दोह्याच्या नजमा भागात राहणारा. त्याच्या आईने पत्रिका मागितली. माझ्या सासूबाईंनी ती नाशिकहून परस्पर पाठवली आणि उत्तर आलं, मुलीला कडक मंगळ आहे, आधी कुंभविवाह करा. म्हणजे माझ्या इंजिनियर मुलीचं पहिलं लग्न मडक्याशी. माझं डोकंच फिरलं.

रागाच्या भरात मी पत्रिका तपासायला घेतली. पत्रांमधली मंडळीसुद्धा पोटासाठी पत्रिका मांडायची, मग मला काय अवघड होतं? चूक लगेच सापडली. लेक जन्मली दोह्यात. नवऱ्याने फोनवर कळवलेली इथली वेळ नाशिकच्या गुरुजींनी भारतातली धरली होती. अडीच तासांचा घोळ. नीट मांडल्यावर मंगळ सातव्या घरातून सहाव्यात गेला.

"खलास," नवरा म्हणाला, "दोष गेला. पाठवून टाक नवी पत्रिका."

"नाही पाठवणार."

"अगं, हातातोंडाशी आलेलं लग्न आहे."

"गुरुजींची वेळ बरोबर असती, तर तुला मडकं चाललं असतं?"

भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला सांगू. लग्न मोडलं असतं तर लेक कोसळली असती. तरी ग्रहांची साक्ष काढून माझी मुलगी निर्दोष आहे असं सिद्ध करणं मला जमणार नव्हतं.

मी मुलाच्या आईला फोन लावला, स्पीकरवर. "पत्रिकेत चूक आहे, पण मी ती दुरुस्त करून पाठवणार नाही."

"अहो, चूक असेल तर सांगा ना," त्या म्हणाल्या. "आम्हालाही हे लग्न हवंय."

लेक समोरच बसली होती. शाळेत जायला लागल्यापासून ती मला इंग्रजीतच उत्तरं देते. तिने फोन स्वतःकडे ओढला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "काकू, मला मंगळ आहे असंच धरा. आता सांगा."