लिमयांचा टर्बो, तिसऱ्यांदा

"कदम, परत निळा धूर."

लिमयेसाहेब फोनवर एवढंच म्हणाले. मी मानपाड्याला आमच्या टर्बो दुरुस्तीच्या गाळ्यात स्टुलावर बसून डबा खात होतो. पोळीचा तुकडा हातातच राहिला. त्यांच्या गाडीचा टर्बो मी आधी दोनदा उघडून नवीन बेअरिंग टाकून बांधून दिला होता. पहिल्यांदा बांधलेला आठ महिने चालला, दुसऱ्यांदा बांधलेला पाच. नीट बांधलेला टर्बो वर्षानुवर्षं चालतो.

फोन ठेवला तर समोर पराग उभा. पराग म्हणजे आमच्या गाळ्याचा मालक. वयाने माझ्या मुलाएवढा आहे, मला कदमकाका म्हणतो, पण मालक तो मालकच.

"ठाण्याचे लिमये ना? काका, बस झालं आता. तो माणूस बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये स्वतः गाडी खोलतो. व्हिडिओ बघून बघून. रिपोर्ट देऊन टाका, घरच्या कामामुळे फेल. विषय क्लोज."

"एकदा बघून येतो."

"दोनदा बघितलंत की! सोमवारी रिपोर्ट पाहिजे मला."

मी मान हलवली. मे महिन्याचा उकाडा होता, गुडघा ठणकत होता आणि खरं सांगायचं तर मलाही विषय क्लोजच करायचा होता. एकसष्टाव्या वर्षी एकाच टर्बोसाठी तिसऱ्यांदा वाकायची हौस कोणाला असते?

टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक छोटं चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक असतं, ते इंजिनात जादा हवा कोंबतं. हवा जास्त, ताकद जास्त. म्हणून लिमयांची सतरा वर्षांची गाडी आजही चढावर नव्या गाड्यांना मागे टाकते. तो दांडा, आमच्या भाषेत शाफ्ट, मिनिटाला लाखभर फेऱ्या मारतो आणि तेलाच्या एका पातळ थरावर तरंगत असतो. गरम असताना तेल थांबलं की ते जागच्या जागी जळतं. करपलेली फोडणी कढईच्या बुडाला बसते, तशी काळी खरपुडी शाफ्टवर बसते. मग शाफ्ट डुगडुगतो, तेल गळतं आणि मागून निळा धूर निघतो.

दोन्ही वेळा टर्बो उघडल्यावर मला आत तीच खरपुडी मिळाली होती. तिची कारणं बहुतेक दोनच. एक तर तेल वाईट किंवा जुनं. नाहीतर जोरात पळवून आणलेली गाडी उभी करून लगेच इंजिन बंद करणं. इंजिन बंद झालं की तेलाचा पंपही बंद होतो, पण टर्बो तापलेलाच असतो. म्हणून अशी गाडी लावल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवायचं असतं.

हे मी पहिल्याच वेळी विचारलं होतं. "साहेब, गाडी लावल्यावर मिनिटभर चालू ठेवता ना?"

"ठेवतो. न चुकता."

लिमयेसाहेब बँकेतून रिटायर झालेले. खोटं बोलणारा माणूस नव्हे. मग उरलं तेल. दुसऱ्या वेळी मी जरा तोडूनच बोललो, "तेल चांगलं वापरा आणि वेळेवर बदला." त्यांचा चेहरा पडला.

शनिवारी दुपारी मी घोडबंदर रोडला त्यांच्या सोसायटीत गेलो. पार्किंगच्या कोपऱ्यात त्यांची गाडी, शेजारी घडीचं टेबल, त्यावर स्वच्छ फडकं आणि त्यावर ओळीने मांडलेले पाने. काढलेले नटबोल्ट औषधाच्या रिकाम्या डब्यांमध्ये, प्रत्येक डबीवर चिठ्ठी. आमच्या गाळ्यात शोधूनही एवढी टापटीप सापडणार नाही.

मी एकेक बघत गेलो. तेल उत्तम प्रतीचं. फिल्टर नवा. टर्बोला तेल आणणारी नळी आतून चकचकीत. घरी काम करणारे लोक सांध्याला सिलिकॉनचा लेप भसाभस थापतात, मग त्याचे तुकडे सुटून नळीत अडकतात. इथे तसलंही काही नव्हतं. बोल्ट किती घट्ट करायचे ते मोजणारा पानासुद्धा होता. आमच्याकडचा बिघडून दोन वर्षं झाली, पराग आणू आणू म्हणतोय.

"तेल कधी बदललं, त्याची नोंद?" मी विचारलं.

त्यांनी गाडीतून एक जाड वही काढली. तारीख, किलोमीटर, काय केलं, कोणी सांगितलं. सगळं सुवाच्य अक्षरात. तेलाच्या एका बदलातही चूक नव्हती. मी वही परत केली आणि मागच्या वेळचं माझं बोलणं आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात लिमयेवहिनी सरबत घेऊन खाली आल्या. त्यांनी ग्लास माझ्या हातात दिला आणि थेट विचारलं, "काय निघालं? ह्यांचीच चूक ना?"

"अजून काही निघालं नाही, वहिनी."

"चूक निघाली तर तसं स्पष्ट सांगा," लिमयेसाहेब म्हणाले. ते फडक्याला हात पुसत होते, पण हात स्वच्छच होते. "मी एकाहत्तर वर्षांचा आहे. आपल्याला जमतं असं वाटतं आणि प्रत्यक्षात जमत नाही, असं झालं असेल तर ते मला कळायला हवं. तसं असेल तर गाडी देऊन टाकतो. पुन्हा पान्याला हात लावणार नाही."

वहिनी यावर टोमणा मारतील असं मला वाटलं होतं. त्या ट्रे घेऊन लिफ्टकडे वळल्या आणि जाताना माझ्याजवळ हळूच म्हणाल्या, "अहो, गाडी गेली तर हा माणूस दिवसभर करणार काय?"

आता सोमवारचा रिपोर्ट मला जड जायला लागला. 'घरच्या कामामुळे फेल' हे तीन शब्द लिहिले असते की पराग खूश, मी मोकळा. आणि लिमयांचे पाने माळ्यावर गेले असते.

"उद्या पहाटे मी खडवलीला निघतोय," लिमयेसाहेब म्हणाले. "तिकडे दोन वर्षांपूर्वी आंब्याची चार कलमं लावलीत, दर रविवारी पाणी घालायला जातो. धूर थोडाच आहे, गाडी चालतेय. तुम्ही एकदा शेजारी बसून बघा."

रविवार हा माझा झोपायचा दिवस. तरी गेलो.

जाताना सगळं ठीक होतं. हात हलका, गिअर वेळेवर, उगाच रेटारेटी नाही. कलमांना पाणी घालून झाल्यावर आम्ही पडघ्याला हायवेला लागलो. रस्ता मोकळा होता. लिमयेसाहेबांनी गाडी मोकळी सोडली तशी टर्बोची बारीक शिट्टी ऐकू यायला लागली आणि त्यांचा चेहरा वीस वर्षांनी तरुण झाला. मीही जरा सुखावलो. चूक सापडत नव्हती, पण गाडी भन्नाट होती.

मानकोलीला नेहमीप्रमाणे जॅम लागला. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. गाडी थांबली आणि त्याच क्षणी लिमयेसाहेबांनी किल्ली फिरवली.

इंजिन बंद. त्या शांततेत बॉनेटखालून तापलेल्या लोखंडाची टिक टिक मला स्पष्ट ऐकू आली.

"बंद का केलीत?"

"जॅम आहे ना."

"साहेब! मी तुम्हाला विचारलं होतं, लगेच बंद करत नाही ना म्हणून!"

"तुम्ही विचारलंत, गाडी लावल्यावर," ते शांतपणे म्हणाले. "लावल्यावर मी मिनिटभर चालू ठेवतो. वहीतली नोंद त्याच मिनिटात करतो. ही काय लावलीय का? ही नुसती उभी आहे."

पुढचा कंटेनर हलला. गाडी चालू, दहा फूट, परत बंद. मी कपाळाला हात लावला. दर रविवारी टर्बो लालबुंद करून आणायचा आणि मानकोलीला त्याचं तेल तोडायचं. तिथून घरापर्यंत प्रत्येक सिग्नलला पुन्हा तेच. घरी पोचल्यावर मात्र मिनिटभर लाड. दुसरा कोणता टर्बो एवढा तरी टिकला असता?

"आधी चालू करा," मी ओरडलोच. "आणि हे तुम्हाला शिकवलं कोणी? कुठल्या शहाण्याने?"

त्यांनी इंजिन चालू केलं. माझ्याकडे जरा आश्चर्याने बघितलं. "वही घ्या. पहिलं पान बघा."

पहिल्या पानाची शाई फिकट झाली होती. अक्षर तेच. 'सिग्नलला व जॅममध्ये इंजिन बंद करणे. पेट्रोल वाचते. – श्री. कदम, सर्व्हिस कॅम्प, ठाणे.'

"तेव्हा माझ्याकडे छोटी गाडी होती," लिमयेसाहेब म्हणाले. "तुम्ही सर्व्हिस सेंटरला होतात. फार छान समजावून सांगितलं होतंत. तुम्ही विसरलात, मी नाही विसरलो. म्हणून तर टर्बोसाठी तुम्हाला शोधत मानपाड्यापर्यंत आलो."

आठवलं. तेव्हा मी सर्व्हिस ॲडव्हायझर होतो आणि पेट्रोल बचतीचं ते भाषण दर कॅम्पला ठोकायचो. त्या छोट्या गाड्यांना ते बरोबरही होतं. लोक समोर बसून फुकटचा चहा प्यायचे, टाळ्या वाजवायचे आणि गेटबाहेर पडताच विसरायचे. कोणी लिहून घेत असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

मला खूप लाज वाटली. आणि लाज वाटत असतानाच डोक्यात दुसराही विचार आला, तोही सांगून टाकतो. 'चालकाची चुकीची सवय' असं लिहिलं तर ते शब्दाला शब्द खरं होतं. पहिलं पान बघायला पराग काही घोडबंदरला जाणार नव्हता.

पण माणूस शेजारीच बसला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत.

"साहेब, तुमच्या हातांचा काही दोष नाही," मी म्हणालो. "काम माझ्यापेक्षा स्वच्छ आहे तुमचं. टर्बो या पानाने मारला. टर्बोच्या गाडीला हा नियम लावायचा नाही. ते मी तेव्हा सांगितलं नाही, आणि आता दोनदा टर्बो बांधला तेव्हाही नीट विचारलं नाही."

मागून हॉर्न वाजायला लागले. त्यांनी माझ्या हातातली वही घेतली, मिटली आणि डॅशबोर्डवर ठेवली.

"म्हणजे मला जमतंय," ते म्हणाले.

"जमतंय."

"मग ठीक आहे." आणि त्यांनी गाडी पुढे घेतली.

सोमवारी मी रिपोर्ट दिला. परागने उभ्याउभ्या वाचला. 'बिघाडाचे कारण: गरम टर्बोचे तेल वारंवार अचानक बंद होणे. मालकाने घरी केलेले काम निर्दोष. इंजिन बंद करण्याचा सल्ला देणारा: खाली सही करणारा.'

"काका, असं कोण लिहितं?"

"मी."

"हे कस्टमरला पाठवायचं?"

"त्यांना तोंडी सांगून झालंय. हे तुझ्या फाइलला."

पराग डोकं खाजवत दोनदा येरझाऱ्या घालून आला. मग म्हणाला, "बांधा तिसऱ्यांदा. पण हे शेवटचं हां, काका."

तो मी बांधला. बसवायला पार्किंगमध्ये गेलो, पण गुडघ्याने दगा दिला, म्हणून मी स्टुलावर बसून सांगत राहिलो आणि बोल्ट सगळे लिमयेसाहेबांनीच आवळले. त्याला आता दीड वर्ष झालं. धूर नाही. वहिनी सांगतात, सिग्नल लागला की ते किल्लीकडे जाणारा हात मांडीखाली दाबून बसतात. पेट्रोल जळताना बघवत नाही म्हणे.

मागच्या महिन्यात तेल बदलायच्या वेळी सहज गेलो होतो, तेव्हा त्यांनी वही दाखवली. पहिल्या पानावरची ओळ पट्टी लावून खोडली होती. खाली नवी ओळ: 'वरील सूचना टर्बोच्या गाडीस लागू नाही. – श्री. कदम.'

चाळीस वर्षं आम्ही मेकॅनिक मंडळी एकच रडगाणं गातोय, गिऱ्हाईक आपलं ऐकत नाही. एकाने अक्षरशः ऐकलं, तर त्याचा टर्बो तीनदा गेला. तेव्हापासून मी सल्ला देताना, तो कुठल्या गाडीसाठी आहे ते आधी सांगतो. आणि समोरच्याने पेन काढलं की थोडा थांबतो, पुन्हा विचार करतो.