मॅडमना मक्याची भीती

आमच्या मॅडम मक्याला घाबरायच्या. स्वतःच्या नव्हे, शेजाऱ्याच्या. चऱ्होलीत भाड्याने घेतलेल्या तुकड्यावर शिजला की चिकट होणाऱ्या स्टार्चचा मका त्या घडवत होत्या. शेजारच्या साध्या मक्याच्या तुऱ्यातला पराग वाऱ्याने आला की दाणा बिघडलाच. म्हणून फुलोऱ्यात प्रत्येक कणसाला कागदी पिशवी. संध्याकाळी बांधावरून पाहिलं की वाटे, तोंडं झाकून माणसं रांगेत उभी केली आहेत.

मी त्यांचा मदतनीस, तेव्हा नवा. ‘कणसं गुदमरत असतील’ म्हणून एक अख्खी ओळ मोकळी करून टाकली. कणसं पिकल्यावर मॅडमनी त्यातला दाणा चिरून आयोडीनचा थेंब सोडला. चिकट दाणा तांबूस दिसतो. हा काळानिळा झाला. “बघ तुझी भूतदया!”

“चेहरा बघू नकोस, पोटात शीर,” हे त्यांचं पालुपद. कोवळ्या पानाचा तुकडा चाकणच्या लॅबमध्ये न्यायचा, डीएनए काढायचा. चिकटपणाचा जीन आईबापाकडून, दोन्हीकडून आलाय असं मार्कर, म्हणजे डीएनएमधली खूण, म्हणाला तर रोप राहणार, नाहीतर उपटणार. हिरवीगार रोपं त्या शांतपणे उपटत. मी हळहळलो की म्हणत, “रडतोस काय? तुझा डीएनए अजून पाहिला नाही मी.”

दरवर्षी भोवतालचं एकेक शेत पत्र्यांच्या कुंपणाआड जाई आणि तिथे इमारत उठे. मॅडम खूश. “इमारतीला तुरा येत नाही!” खरंच, काळे दाणे कमी होत होत संपले. शेवटच्या शेजाऱ्याच्या शेताला पत्रे लागले, त्या दिवशी मी गाढवाने पेढे वाटले. आमच्या जमिनीचे मालक आबा, त्यांनाही दिला. त्यांनी तो खाल्ला नाही, नुसता हातात धरला.

“मॅडम, आता आमचंच ऱ्हायलंय. पोरांनी सह्या केल्यात.”

“आबा, एवढं पीक निघू द्या. यंदा बी पक्कं होतंय. गेलं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि दाणा अजून दुधात आहे हो, आत्ता तोडला तर उगवायचा नाही!”

“मी थांबतो की. मशीन थांबतंय व्हय?”

नाही थांबलं. कणसं दुधातच मातीखाली गेली. मॅडम रस्त्यावर उभ्या राहून बघत होत्या. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून अर्थातच मी बोललो, “मॅडम, प्रत्येक झाडाचा डीएनए आहे की आपल्या फ्रीजरमध्ये.”

त्यांनी मान वळवली नाही.

“पेर मग,” म्हणाल्या.