गर्जनेचं बटण

चिंचपोकळीला राजाराम सकपाळचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सत्तावन्न साली धोबीतलावचा मिंगेल, हॉटेलात गिटार वाजवणारा, आपला जळलेला अमेरिकन अँप्लिफायर घेऊन तिथं आला. राजारामनं मागची फळी काढली आणि त्याला हसूच फुटलं. आत रेडिओचेच वाल्व होते, फक्त स्टेशन लावायची सोय नव्हती. हे तर मीपण बनवीन, असं तो बोलून बसला.

पहिली पेटी सवयीनं रेडिओसारखीच झाली. सागवानी, गोल खांद्यांची, पुढे बायकोच्या, रखमाच्या, जुन्या लुगड्याचं कापड. वाजायची छान, पण मिंगेल आठवड्यात ती परत घेऊन आला. गिऱ्हाइकं गिटार थांबवून बातम्या लावायला सांगतात, म्हणाला. मग राजारामनं काळं रेक्झिन चढवून वर मूठ बसवली. ती पेटी हॉटेलातल्या हमालानं बॅग समजून तिसऱ्या मजल्यावर कुणा पाहुण्याच्या खोलीत नेऊन ठेवली. पुढच्या खेपेला राजारामनं पेटीचं तोंड जरा वर कलतं केलं, वाजवणाऱ्याला आपलाच आवाज ऐकू यावा म्हणून, आणि बटणं माथ्यावर आणली. दिसायला झकास, पण आवाज वाढवला की ती गुरगुरायची. मिंगेलनं ती दुकानात आणून आदळली. असा फाटका आवाज राजारामच्या हातून कधी गेला नव्हता. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात लालबागला, मुंबईसह मराठी राज्य मागणाऱ्या समितीची सभा होती. ऐनवेळी त्यांचा अँप्लिफायर बंद पडला, तेव्हा राजाराम नको नको म्हणत असताना कार्यकर्त्यांनी ती पेटी उचलून नेली आणि कर्ण्याला जोडली. बोलायला चिंतामणी मास्तर होते. त्यांचा आवाज वर्गातल्या मागच्या बाकापर्यंतही पोचत नसे. ते नुसतं ‘मुंबई’ म्हणाले आणि मैदानात डरकाळी फुटली. मास्तर स्वतःच दचकून मागे सरले. टाळ्या ऐकून पुढे आले ते सव्वा तास बोलले. राजाराम गर्दीत मान खाली घालून उभा होता.

सकाळी मास्तर दुकानात हजर. राजारामनं आधीच माफी मागून टाकली आणि संध्याकाळपर्यंत आवाज स्वच्छ करून देतो म्हणाला. मास्तर जवळ सरकले.

“राजारामभाऊ, तिला हात लावू नका. माझं भाषण बायकोनं काल पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं.”

आता दुरुस्त करावी तर मास्तर दुखावणार, न करावी तर कारागिरीची अब्रू जाणार. शेवटी राजारामनं माथ्यावर एक जास्तीचं बटण बसवलं आणि खाली पांढऱ्या रंगानं लिहिलं, ‘गर्जना’. बटण शून्यावर असलं की आवाज नितळ, पुढे फिरवलं की मास्तरांचा.

राज्य मिळेपर्यंत ती पेटी सभांमधून फिरली. मग सभा आटपल्या आणि ती दुकानात येऊन पडली. मिंगेलनं एकदा सहज तिला गिटार जोडली, ‘गर्जना’ टोकापर्यंत फिरवली आणि एक तार छेडली. फळीवरचे वाल्व किणकिणले. त्यानं तीच तार पुन्हा छेडली.

“हे हॉटेलात चालायचं नाय रे,” तो म्हणाला.

“मग राहू दे.”

“नको, नेतो,” मिंगेल म्हणाला, आणि टॅक्सीत पेटी मांडीवर घेऊन बसला.