कोऱ्या जागेचं गाणं

जळगावला उतरलो तेव्हा फलाटावर उन्हाच्या झळा होत्या. सुरतेकडची पॅसेंजर धरली, ती धरणगावच्या दिशेने निघाली. दोन्ही बाजूंना कापूस निघून गेलेली काळी रानं भेगाळून पडली होती. माझी बायको सुमन या वाटेचं वर्णन नेहमी करायची. ती जाऊन आठ महिने झाले होते. तिच्या माहेरी मी एका कामासाठी निघालो होतो: तिचं गाणं पुरं मिळवायचं, आणि अखाजीच्या (अक्षय्यतृतीयेच्या) आत त्याची कॅसेट करायची.

साताऱ्याच्या आमच्या घरी कपडे वाळत घालताना ती अहिराणीत एक ओळ म्हणायची, "झोका जास उच्चा वं सई, गावना पार दिसस." (झोका उंच जातो गं सखे, गावचा पार दिसतो.) मग थांबायची. पुढच्या ओळीत नदीचा काठ दिसायचा. पुन्हा थांबायची. मला वाटे, मधलं ती विसरली आहे.

हे गाणं येणारी गावात आता एकच बाई उरली होती, सुमनची लहानपणची सोबतीण गोदाक्का. ती दारातच कुरडया वाळत घालत होती.

"या जवाई," ती म्हणाली. सुमनमुळे मी अख्ख्या गावाचा जावई. "सातारामा खावाले भेटत नही का? कितला बारीक व्हयनात!"

तिने कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि मिरचीचा ठेचा वाढला. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती हसली, आणि मग हसायची थांबली.

गाण्याचं विचारलं तेव्हा कुठे मला उलगडा झाला. अखाजीच्या झोक्यावर दोघी समोरासमोर उभ्या राहत. झोका पुढे जाताना एकीने म्हणायचं, मागे येताना दुसरीने. जाणाऱ्या ओळी सुमनच्या, येणाऱ्या गोदाक्काच्या. म्हणजे सुमन काही विसरली नव्हती. इतकी वर्षं ती साताऱ्याच्या गच्चीवर उत्तरासाठी जागा सोडत होती.

"अक्का, तुम्हाला दोन्ही येतात ना? मग दोन्ही म्हणा."

"ते तिनं शे. मी कशी म्हनू?" (ते तिचं आहे.)

मी दोन दिवस विनवलं. ध्वनिमुद्रणासाठी ती धुळ्याला यायला तयार झाली, पण सुमनच्या ओळी म्हणायला नाही.

एरंडोल, पारोळा करत एस.टी. धुळ्याला पोचली. अक्काने डोळे मिटून देवाचं नाव घेत प्रवास काढला, आणि उतरल्यावर मलाच विचारलं, "भ्यायनात का?" हायवेच्या अलीकडे एका बँडवाल्याच्या दुकानामागे ध्वनिमुद्रणाची खोली होती. भिंतींना गोणपाट लावलेलं. मालकाला सगळे नाना म्हणत.

"एकच गाणं?" नाना म्हणाले. "साहेब, कॅसेटला आठ तरी लागतात. एका लाडवाचं ताट कोणी वाढतं का?"

"एकच. दोन्ही बाजूंना तेच."

माईकसमोर बसल्यावर अक्काच्या तोंडून शब्द फुटेना. तिने पायांकडे बोट दाखवलं. "पाय भुईले टेकेल शेतस. गानं कोठून येई?"

नानांनी कपाळाला हात लावला, पण माणूस हौशी. मागच्या कडुनिंबाला दोर बांधला, खिडकीतून वायर काढून माईक बाहेर आणला. अक्का पाटावर उभी राहिली. झोका पुढे गेला, ती गप्प. मागे आला आणि तिचा आवाज निघाला, "झोका येस मांगे वं सई, मन्हं मन हासस." (झोका मागे येतो गं सखे, माझं मन हसतं.) पुन्हा पुढे, पुन्हा गप्प. रिकाम्या जागेत दोर तेवढा करकरत होता.

"निम्मं गाणं कोरंच आहे," नाना म्हणाले. "तिथे बेंजो घालतो. पोरं नाचतील."

"नको."

"अहो, सुरुवातच कोरी! लोक म्हणतील टेप खराब आहे."

"म्हणू द्या. त्या जागेत काही घालायचं नाही." माझा आवाज चढला. मी एरवी ग्रंथालयात काम करणारा माणूस. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि बेंजोवर फडकं टाकलं.

लोक खरंच तसं म्हणाले. जळगावच्या कॅसेटवाल्याकडे ठेवलेल्या प्रती चार दिवसांत परत आल्या. "गिऱ्हाईक स्पिरिटने हेड पुसून पुसून थकलं, साहेब," तो म्हणाला. "बाई मध्येच गप्प होते." मी प्रती पिशवीत भरल्या आणि धरणगाव गाठलं.

अखाजीच्या दिवशी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस झाल्यावर माहेरवाशिणी निंबाखाली जमल्या. फांदीला लाउडस्पीकर बांधला होता. कॅसेट लागली. खरखर झाली, मग काहीच नाही. अक्काची पहिली ओळ आली आणि पुन्हा शांतता. पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांच्यापैकी कोणालाच सुमनची ओळ ठाऊक नव्हती.

"बंद करा वं, बिघडनं ते," कोणीतरी म्हणालं.

अक्का झोक्यावरून माझ्याकडे वळली. "जवाई, म्हना ना! तिनं तुमले येस."

मला येत होतं. इतकी वर्षं मी तेवढंच तर ऐकलं होतं. माझे कान तापले. मी कॅसेट मागे नेली, पुन्हा लावली आणि पहिल्याच कोऱ्या जागेत म्हणालो, "झोका जास उच्चा वं सई, गावना पार दिसस."

"दादा, रहाटले तेल टाका!" एक पोरगी ओरडली. हशा पिकला. पण लाउडस्पीकरमधून लगेच उत्तर आलं, मन्हं मन हासस. हशा थांबला.

"आयका," अक्का म्हणाली, "बठ्ठ्या (सगळ्या) पोरी आयकी ऱ्हायन्यात. थांबू नका."

मी नदीचा काठ म्हटला. तिसऱ्या खेपेला दोघी-तिघींनी माझ्याबरोबर म्हटलं. संध्याकाळपर्यंत त्यांना माझी गरज राहिली नाही. झोका पुढे जाई तेव्हा त्या म्हणत, आणि मी पारावर बसून ऐकत होतो. निघताना पोरींनी प्रती मागून नेल्या, पिशवीत एकच उरली.

ती आता साताऱ्यात, माझ्या टेबलावर आहे. कधी एखादा पाहुणा उत्सुकतेने ती लावतो आणि काही वाजत नाही म्हणून बटणं दाबायला लागतो. मी त्याला थांबवतो. या कॅसेटची सुरुवात आपण करायची असते.