छायाताईचे शनिवार

बातमी आली तेव्हा मी रायपूरच्या पंडरी बाजारात पडद्याचं कापड बघत होतो. म्हणजे बघत होती बायको. मी गठ्ठ्यावर बसून दुकानदाराला माझ्या वडिलांच्या रेल्वेतल्या नोकरीचा एक किस्सा ऐकवत होतो. फोन तनूचा होता, माझ्या मुलीचा. ती मला सहसा फोन करत नाही, काही असलं तर आईला करते. "पप्पा, छाया आत्या नहीं रहीं. सुबह नींद में ही गईं. डॉक्टर देखकर गए. फूफाजी के पास पड़ोस वाली आंटी बैठी हैं. नागपुर फोन करना बाकी है, वो आप करो." आवाज जड होता, पण शब्द एकही जास्तीचा नव्हता. काय झालं, काय केलं, काय बाकी... या क्रमाने बोलायला तिला ज्या बाईने शिकवलं, तिच्याच जाण्याची बातमी ती त्या क्रमाने देत होती. मी नागपूरच्या नातेवाइकांना फोन लावला आणि मला दोन वाक्यांत ते सांगता आलं नाही.

आता दीड महिना झाला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, नातेवाईक परत गेले, आणि अंगात एक शिणवटा उरला आहे. तो झोपेने जात नाही.

छायाताई माझी आतेबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमची दोन्ही घरं विदर्भातून नोकरीच्या मागे रायपूरला आलेली. नर्सिंग शिकून ती इथल्या एका सरकारी दवाखान्यात लागली आणि पंचवीसेक वर्षं वॉर्डात उभी राहिली. ड्यूटीहून आली की टबात कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ, त्यात पाय, आणि डोळे बंद. समोर मी. आमच्या घराण्यात गोष्टी सांगण्याचं खातं माझ्याकडे आहे. कोण कुणाच्या लग्नात रुसलं, कोणत्या काकाचं धोतर कुठे सुटलं, सगळं माझ्याकडे तयार असतं, आणि घटना चार आण्याची असली तर मसाला बारा आण्याचा. ताई ऐकून घ्यायची. मग डोळे न उघडता म्हणायची, "सारं बरोबर हाये बाबू. पण तुह्या गोष्टीत पेशंट कुठं हाये?" मी हसायचो. मला तो विनोद वाटायचा.

ड्यूटी बदलताना जाणारी नर्स येणारीला एकेका खाटेपाशी नेऊन सांगते, या पेशंटला काय झालं, काय दिलं, काय बाकी आहे. याला त्या 'ओव्हर देणं' म्हणतात. ताई वॉर्डाची इनचार्ज झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की शिकाऊ पोरी पेशंटांचा ओव्हर अगदी चोख देतात आणि मग धुतलेल्या चादरींच्या खोलीत जाऊन रडतात. वीस-एकवीस वर्षांच्या पोरी. सकाळी एखादं लेकरू हातात गेलेलं, दुपारी डब्यातली भाजी खायची. ताईने त्यांना 'हिंमत ठेवा' असं कधी सांगितलं नाही. सायकल स्टँडपाशी थांबवून ती त्यांचा दुसरा ओव्हर घ्यायची. "आता पेशंट तू. सांग. काय झालं, तू काय केलं, बाकी काय राहिलं?" पोरगी सांगायची. ताई ऐकायची, आणि म्हणायची, "ठीक. बाकीचं आता माह्याकडे. तू घरी जा, जेव." बस, एवढंच. तिचं म्हणणं, माणूस दुःखाने तुटत नाही, ड्यूटी न बदलल्याने तुटतो.

त्या पोरींनी मग आपले भाऊ आणले, हॉस्टेलच्या मैत्रिणी आणल्या, एका शाळेतून बोलावणं आलं. ताईने पन्नाशीत चष्मा लावून समुपदेशनाचा अभ्यासक्रम केला, मुदतीआधी नोकरी सोडली आणि समता कॉलोनीत एका दातांच्या दवाखान्यावरची खोली भाड्याने घेतली. उद्घाटनासाठी बोर्ड मी लिहून आणला. 'मनोबल प्रशिक्षण केंद्र', खाली उगवता सूर्य, आणि सूर्याखाली 'कभी हार मत मानो'. ताईने तो दोन मिनिटं पाहिला. "हे वाचून तर मलेच थकवा येऊन राहिला रे," म्हणाली, आणि बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवला. दारावर तिने हाताने लिहिलेला कागद लावला : शनिवार, पाच ते सात. बोलायला या. बोलायचं नसेल तर बसायला या. कुणाचं दुखणं आपल्या हाताबाहेरचं आहे हे तिला लवकर कळायचं. मग ती स्वतः त्या पोराला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेई आणि त्याचा नंबर लागेपर्यंत बाकावर बसून राही.

आता तनूचं. पाच वर्षांपूर्वी ती भिलाईचं इंजिनीअरिंगचं हॉस्टेल मधेच सोडून घरी आली. का, ते सांगेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. त्याच सुमारास एका साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, पंगतीत मी, कुणी विचारलं म्हणून, 'आमची इंजिनीअर आणि तिचा पलंग' असा एक किस्सा रंगवला. पंगत पोट धरून हसली. माझ्या मागे तनू ताट घेऊन उभी होती. त्या दिवसापासून मला तिच्याकडून एकच शब्द मिळू लागला, 'हव', म्हणजे हो. जेवली का? हव. बरी आहेस का? हव. छत्तीसगढी माणूस किती गोड 'हव' म्हणतो. पण तोच शब्द आठ महिने ऐकून पाहा.

मी ताईकडे गेलो. ती म्हणाली, "दे ओव्हर." मी सुरू केलं, तनू लहानपणापासूनच हळवी, तिच्या आजीवर गेलेली... "इतिहास नको. आज काय खाल्लं तिनं?" मला माहीत नव्हतं. "कितीक झोपली?" तेही नाही. "आंघोळ?" मी टबातल्या पाण्याकडे बघत बसलो. ताई रागावली नाही. थकलेल्या आवाजात म्हणाली, "पोट्टी काय खाऊन राहिली तुले माहीत नाही. अन् तिच्यावर अर्धा तास बोलता येते."

तनू त्या खोलीत जाऊ लागली. पहिले काही महिने नुसती बसायला. मग बोलायला, मग नव्या आलेल्यांजवळ बसायला. तिने इथल्याच कॉलेजातून बीए केलं आणि शनिवारी ताईचा उजवा हात झाली. सगळ्यांशी बोलायची; माझ्याशी कामापुरतं, आणि तेही हिंदीत. हॉस्टेलमध्ये काय झालं हे ताईला माहीत होतं. मी दोन-तीनदा खोदून विचारलं. शेवटी ती म्हणाली, "तिले तुलेच सांगाचं हाये रे. पण सांगितलं का त्याची गोष्ट होते, हे तिले पक्कं मालूम हाये." मी मनाशी म्हटलं, ताई आहे ना मधे, आज ना उद्या जमवून आणेल. माणूस आपला आळस कुणाच्या भरवशावर ठेवतो पाहा.

जाण्याच्या महिनाभर आधी मी तिच्याकडे गेलो होतो. पाय टबात, डोळे बंद. म्हणाली, "थकली रे मी." तिच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं. आणि मी काय करावं? रिटायर होऊन थकलेल्या एका स्टेशनमास्तराचा किस्सा सांगितला. ती हसली. चांगली हसली. तिने तीन शब्दांत ओव्हर द्यायला सुरुवात केली होती, आणि घेणारा मी होतो...

ती गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी खोली बंद आहे असा कागद लावायला मी समता कॉलोनीत गेलो. जिन्यावर सात-आठ पोरंपोरी बसलेली. तनू आली, कुलूप उघडलं, पंखा लावला, सगळे स्टुलांवर बसले. मी दारात कागद घेऊन उभा. "पप्पा, बैठना है तो बैठो," ती म्हणाली, "खड़े मत रहो." मी बसलो. एकेकाने सांगितलं. बहुतेकांनी ताईचंच. फिरत फिरत पाळी माझ्यावर आली. माझ्याकडे ताईच्या किमान वीस गोष्टी तयार होत्या, आणि त्यातल्या पाच-सहांवर तर ही पोरं नक्की हसली असती.

"पेशंट मी," मी म्हटलं. "ताई मले म्हणाली का थकली. मी काही विचारलं नाही. तिले हसवलं." पुढे काय केलं, हा प्रश्न आला. "काही नाही केलं." आणि बाकी? मी हातातल्या कागदाची घडी घातली. कुणी पाठीवर हात ठेवला नाही. मग तनूकडे न बघता म्हटलं, "बाकी तेच हाये. विचाराचं राहिलं. तिले अन्... अजून एका जणीले."

तनू म्हणाली, "ठीक है. अगला."

परत येताना ती माझ्या स्कूटरवर मागे होती. सदर बाजारात नेहमीसारखी गर्दी तुंबलेली. पुढे कुणीतरी कापडाचे गठ्ठे उतरवत होतं, मागून हॉर्न. आम्ही तिथे अडकलो आणि तिने सुरुवात केली. हिंदीत, हळू, माझ्या कानामागून. हॉस्टेलपासून. गर्दी सुटली तेव्हा मी स्कूटर बाजूला लावली. एका बंद दुकानाच्या पायरीवर ती बोलत होती, मी 'हं' म्हणत होतो. काय बोलली ते मी इथे लिहीत नाही. घरी आल्यावर बायकोने विचारलं, एवढा उशीर, कोण भेटलं? मी म्हटलं, कुणी नाही. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

शनिवारी खोली उघडते. पाच ते सात. तनू असते, मी स्टुलं पुसतो, आणि कुणाला नुसतं बसायचं असेल तर त्याच्याजवळ बसतो. हा लेख छापायला देण्याआधी मी तिला वाचायला दिला. तिने पेन घेऊन तीन ठिकाणी काट मारली. तिन्ही ओळी चांगल्या होत्या.