शिलाई मशीन थांबतं तेव्हा

रेकॉर्डिंग चालू असताना गिटारची तार तुटली, म्हणून ती बदलायला उजेडात, खिडकीशी आलो. समोरच्या घरात सुमनकाकू शिलाई मशीनपुढे बसल्या होत्या. सुई ब्लाउजच्या बाहीत रुतलेली, पाय मशीनवरून उचललेला, नजर माझ्या खिडकीकडे. माझं वाजवून संपायची त्या वाट बघत होत्या.

बंगळूरच्या या गल्लीत दुपारी फार शांत असतं, असं मी चार वर्षं समजत होतो. मी नववीत शाळा सोडलेला. ड्रम, बेस, गिटार सगळं ऐकून ऐकून शिकलो. माझा रॉक बँड म्हणजे मीच. एकेक वाद्य वेगळं वाजवायचं आणि एकावर एक चढवायचं. या आवाजापायी आज ना उद्या कुणी हाकलेल ही धास्ती कायमची, आणि हाकलत नाहीत म्हणून गल्लीचे उपकारही मानायचो. पण शांतता आपोआप पडत नसते, कुणीतरी हातातलं काम थांबवून ती धरून ठेवतं, हे कधी डोक्यातच आलं नाही.

खाली मान घालून समोर गेलो. "काकू, सांगायचं तरी होतं."

"त्यात काय सांगायचं? मशीनची खडखड जायची की तुमच्या गाण्यात. पण एकच ओळ किती वेळा चुकता हो तुम्ही! मला पाठ झाली बघा." काकू बेळगावच्या, खळखळून हसल्या. "मोबाईलवर लागतं म्हणे तुमचं गाणं. दाखवा बघू."

मी गाणं लावलं. गाण्याच्या नावाखाली मीच लिहिलेली ओळ होती : 'सर्व काही एकट्याने.'

काकूंनी चष्मा पुसला. मी मोबाईल पुढे केला, अंगठा त्या ओळीवर ठेवून.