मामाचा ताप आणि शेवटची बशी

माझ्या मेहुण्याला सगळेच मामा म्हणतात, मीही म्हणतो. तीस वर्षं गीझर दुरुस्त करून त्याची बोटं अशी तयार झाली, की नळाखाली हात धरून तो पाण्याचं तापमान सांगतो. थर्मामीटर दाखवला तर तोंड फुगवतो.

माझी धाकटी लेक प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशींचं चित्रीकरण करायची. पेशींना माणसाच्या अंगाएवढी, सदतीस अंश ऊब लागते. नेमका तिथला हीटर जळला. पेशींच्या दोनच बश्या उरल्या होत्या. एका पेशीच्या दोन होताना टिपल्या नाहीत, तर प्रबंधाची चार वर्षं पाण्यात.

भाचीचं काम म्हटल्यावर मामा कसला थांबतोय? त्याने सूक्ष्मदर्शकाभोवती प्लायवूडची पेटी उभी केली, पुढे काच लावली. आत केस वाळवायचा ड्रायर, आणि तो चालू-बंद करायला जुन्या गीझरचा थर्मोस्टॅट. त्याच्या गुंडीवरचे आकडे कधीच पुसले होते. मामाने त्याच्या तारेच्या टोकाची, ऊब ओळखणारी तांब्याची कांडी काखेत धरली, टक्क आवाज येईपर्यंत गुंडी फिरवली आणि तिथे लाल रेघ मारली. अंगाएवढीच ऊब हवी ना, मग अंग घरचंच आहे, हे त्याचं शास्त्र. मामी आदल्या दिवसापासून म्हणत होती, तुम्हाला कणकण आहे, झोपा. तर हा कुडकुडत म्हणे, प्लायवूड गार आहे.

सकाळी पहिली बशी पेटीत गेली. दुपारपर्यंत सगळ्या पेशी मेल्या. लेकीने आत थर्मामीटर ठेवला, तर चाळीस. मामा फोनवर म्हणाला, थर्मामीटर खोटा. ती तोच घेऊन तडक त्याच्या घरी आली. मामीने तो नवऱ्याच्या काखेत खुपसला. पाच मिनिटांनी काढला. चाळीस.

"पेटी ठीक आहे," मामी म्हणाली, "बिघडलात तुम्ही."

दुसरा कुणी लाजला असता. मामाचा चेहरा खुलला. "एका अंशाचा फरक नाही, भाऊजी," असं मला म्हणाला आणि आडवा झाला.

आता मान मामीचा. लेकीने पेटीतून थर्मोस्टॅट काढून आणला. तिच्या एका काखेत कांडी, दुसऱ्या काखेत लेकीचा थर्मामीटर. दोन्ही हात अडकलेले, म्हणून चहा मी बशीतून पाजला. मामा पांघरुणातून बजावत होता, हिला आता कुणी चिडवू नका, पारा चढेल. सदतीस दिसताच लेकीने टक्क आवाज येईपर्यंत गुंडी फिरवली. तिथे हिरवी रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या बशीत एक पेशी मधोमध आवळली आणि दोन झाली. लेकीच्या सरांनी चित्रीकरण तीनदा पाहिलं. मग पेटीत वाकून गुंडीवरच्या दोन रेघा पाहिल्या आणि विचारलं, ही हिरवी कोणती?

"मामी," लेक म्हणाली.

"आणि लाल?"

"ते अजून झोपून आहेत."